एक हात पुढे सरका : अल्ट्रावाइड लेन्सबद्दल वाचकांचे प्रश्न

भाद्रपद आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. कासचं पठार फुललेलं असतं, गडांवरची वाट पुन्हा पायाखाली येते, आणि "ताई, वाइड लेन्स घेऊ का?" हे वाक्य दर दुसऱ्या पत्रात दिसतं. या वेळी म्हणून सगळी जागा त्याच विषयाला, म्हणजे खूप रुंद भाग एका चौकटीत घेणाऱ्या अल्ट्रावाइड लेन्सला दिली आहे. वाईत आमचा स्टुडिओ चौतीस वर्षं चालला. लग्नं, मुंजी, वाडे, घाट, देवळं असं सगळं त्यात येऊन गेलं. या जातीची लेन्स फिल्मच्या काळापासून माझ्या पिशवीत आहे. तिच्यावर माझं प्रेम आहे, आणि तिच्यामुळे माझ्या हातून झालेली एक चूक मी अजून विसरलेले नाही. तीही खाली सांगितली आहे.

प्रश्न : ताई, माझ्याकडे कॅननचा २००डी आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स आहे. गडावर बुरूज मावत नाही, देवळात मंडप मावत नाही. दुकानदार फुल-फ्रेमची १६-३५ दाखवतो. म्हणतो, "पुढे कॅमेरा बदललात तरी हीच चालेल." घेऊ का? (एक प्राथमिक शिक्षक, कराड)

उत्तर : गुरुजी, ती घेऊ नका. दुकानदार खोटं बोलत नाही, ती लेन्स पुढे खरंच चालेल. पण आज तुमचं काम तिनं होणार नाही. लेन्सचा आकडा जितका लहान, तितकी नजर रुंद. फुल-फ्रेम म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, आणि तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर त्यापेक्षा लहान आहे, म्हणून त्यावर तीच लेन्स कमी रुंद बघते. कॅननच्या या कॅमेऱ्यांसाठी हिशेब १.६ ने गुणायचा. १६ गुणिले १.६ म्हणजे साडेपंचवीस. तुमच्याकडची १८ मिमी म्हणजे जवळपास एकोणतीस. साडेपंचवीस आणि एकोणतीस यांत फरक तो किती? एवढे पैसे मोजून बुरूज बाहेरच राहील.

तुम्हाला लहान सेन्सरसाठीच बनवलेली लेन्स हवी. कॅननची ईएफ-एस १०-१८ आयएस एसटीएम २०१४ मध्ये आली. वजन २४० ग्रॅम, म्हणजे गड चढताना खांद्याला कळतसुद्धा नाही. समोर ६७ मिमीचा फिल्टर बसतो. तिचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची कडी, प्लॅस्टिकचा आहे आणि छिद्र फार मोठं उघडत नाही, एफ ४.५ पासून सुरू होतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). पण आत थरथर सावरणारी यंत्रणा आहे. मंडपातले खांब काही हलत नाहीत, त्यामुळे श्वास रोखून, खांबाला पाठ टेकवून सेकंदाच्या आठव्या हिश्श्यालाही फोटो स्वच्छ येतो. देवळात मी हेच करते.

आकडा बघून "आठच मिलिमीटरचा फरक" म्हणू नका. लांब पल्ल्याच्या लेन्सला आठ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. इकडच्या टोकाला एकेक मिलिमीटर मोलाचा. तुमची १८ मिमी आडवं सुमारे ६४ अंश बघते, १० मिमी सुमारे ९६ अंश. १२ मिमी घेतलीत तर ८६. म्हणजे नुसत्या दोन मिलिमीटरमध्ये दहा अंश जातात.

निकॉनवाल्यांची दोन पत्रं आहेत, त्यांनाही इथेच सांगते. तुमच्याकडची जोडीची लेन्स म्हणजे एएफ-पी डीएक्स १०-२०. ती २०१७ ची, आणि तीही हलकी. पण घेण्याआधी आपल्या बॉडीवर, म्हणजे कॅमेऱ्यावर, लावून बघा. डी९० सारख्या जुन्या बॉडीवर तिचा फोकस चालत नाही. रात्रीचं आकाश टिपायचं असेल तर या दोन्ही लेन्स अंधाऱ्या पडतात. तिथे टोकिना ११-१६ एफ २.८ सारखी लेन्स बरी. ती जड आहे, पण आकाशगंगेच्या फोटोला तेवढं छिद्र लागतंच.

आता गुरुजी, एक विनंती. लगेच पैसे देऊ नका. तुमच्या फोनमध्ये ०.५ असं बटण असेल तर बहुतेक फोनवर ती फुल-फ्रेमच्या हिशेबात साधारण १३ मिमीची नजर असते, म्हणजे तुम्ही घेणार आहात त्या लेन्सपेक्षाही थोडी रुंदच. दोन महिने फक्त त्या बटणानं फोटो काढा. शाळेची इमारत, परिपाठाची रांग, गावचं देऊळ, काहीही. साठ दिवसांनी त्यातले पाच फोटो तुम्हाला पुन्हा पुन्हा बघावेसे वाटले तर लेन्स घ्या. नाही वाटले, तर अडचण लेन्सची नव्हती, आणि पैसे वाचले.

सेकंडहँड मिळत असेल तर जरूर घ्या. फक्त तीन गोष्टी बघा. मोबाइलचा टॉर्च एका टोकाकडून लेन्समध्ये मारा आणि दुसऱ्या टोकाकडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, परत द्या. मग विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी सरळ धरून एफ ८ ला फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ, म्हणजे अस्पष्ट, असतील तर चालेल. एकच कोपरा धुरकट असेल तर आतली काच सरकलेली आहे, म्हणजे लेन्स कधीतरी पडली आहे. आणि समोरच्या आट्यांना पोचा आलाय का, तेही बोट फिरवून बघा.

प्रश्न : मॅडम, दादानं मला वाढदिवसाला १०-१८ दिली. मी मैत्रिणींबरोबर कासला गेले, तिथून मेणवलीला. दोनशे फोटो काढले. सगळ्यांत सगळं आलंय, पण कशातच काही दिसत नाही. फुलं म्हणजे ठिपके, डोंगर म्हणजे एक रेघ. माझं काय चुकलं? (बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. "सगळं आलंय, पण काही दिसत नाही." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

ही लेन्स सगळं मावावं म्हणून घ्यायची, असं जो तो सांगतो. मावतं, पण मावण्यासाठी प्रत्येक गोष्ट लहान होते. ५० मिमीनं काढलेला डोंगर १० मिमीनं काढलास तर पाचवा हिस्सा होतो. तो डोंगर काही तू जवळ आणू शकत नाहीस. तुझ्या हातात एकच गोष्ट आहे, जे पायाशी आहे त्याच्याजवळ जाणं. या लेन्सचा खरा उपयोग तिथे आहे.

घरी करून बघ. पुण्यात अंगण नसेल, पण गावी तुळशीवृंदावन असेल. वृंदावन पुढे, त्यामागे दहा मीटरवर घर. आधी वृंदावनापासून दोन मीटरवर उभी राहा, १० मिमीवर फोटो घे. मग पन्नास सेंटिमीटरवर ये, पुन्हा घे. आता दोन्ही शेजारी ठेव. वृंदावन चौपट मोठं झालं, कारण अंतर चौथाई झालं. घर मात्र जवळपास होतं तेवढंच राहिलं. ते आधी बारा मीटरवर होतं, आता साडेदहावर आहे, एवढाच फरक. दोन फोटोंत लेन्स तीच, घर तेच, तुळस तीच. तू फक्त दोन पावलं पुढे आलीस आणि "घराच्या अंगणातली तुळस" या फोटोचा "तुळशीमागचं घर" असा फोटो झाला. खरं सांगायचं तर अंतराचा हा नियम कुठल्याही लेन्सला लागू आहे. पण दुसरी कुठलीही लेन्स तुला इतक्या जवळ येऊ देऊन मागचं घर चौकटीत ठेवत नाही.

आणखी जवळ जाता येतं. तुझी लेन्स २२ सेंटिमीटरवर फोकस करते, म्हणजे एक वीत. ही वीत लेन्सच्या काचेपासून मोजायची नाही, कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून मोजायची. बॉडीवर गोल आणि त्याला छेदणारी आडवी रेघ अशी खूण असते, ती सेन्सरची जागा. मधली लेन्सची लांबी वजा केलीस तर काचेपुढे उरतात जेमतेम दहा सेंटिमीटर, तळहाताच्या रुंदीएवढे. फूल तिथपर्यंत येऊ शकतं. पहिल्यांदा हे करताना काच फुलाला लागेल अशी भीती वाटते. मला अजून वाटते.

फोकसचं गणितही हातानं मोजता येतं. १० मिमी, एफ ८, आणि फोकस दीड हातावर. एवढं केलंस की साधारण पाऊण हातापासून ते क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पाऊण हातापेक्षा जवळ गेलीस तर मात्र फुलावर फोकस कर आणि मागचा डोंगर थोडा मऊ होऊ दे. सगळंच स्पष्ट हवं म्हणून एफ २२ लावू नकोस. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि पूर्ण फोटोची धार जाते. लहान सेन्सरवर मी एफ ११ च्या पुढे जात नाही.

आता कास. तिथे वाट सोडून फुलांच्या आत पाय टाकायचा नाही, आणि फोटोसाठी तर मुळीच नाही. एका बुटाखाली किती झाडं जातात ते खाली वाकून बघितलेला माणूस पुन्हा आत शिरत नाही. पण वाटेच्या अगदी कडेला सोनकी आणि तेरडा उगवतोच. तिथे गुडघे टेक, कॅमेरा फुलाच्या उंचीवर आण. उभ्यानं काढलेल्या फोटोत अर्धी चौकट नुसती जमीन होते, तुझ्या दोनशे फोटोंत तेच झालं असणार. खाली गेलीस की सोनकी आभाळावर येते आणि डोंगराची रेघ तिच्या मागे जागेवर बसते.

मेणवलीला घाटावरच्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली. पुढच्या वेळी तिच्यापासून फूटभर अंतरावर जा. घंटेची कड अर्धी चौकट भरेल, आणि उरलेल्या अर्ध्यात कृष्णा आणि पायऱ्या. तिथे मी कितीतरी सकाळी घालवल्या आहेत, आणि दर वेळी चार बोटं इकडे की चार बोटं तिकडे यावर फोटो ठरला.

बटण दाबायच्या आधी नजर चारही कोपऱ्यांतून एकदा फिरव. ९६ अंश म्हणजे तुझ्या दोन्ही खांद्यांच्या बाजूचं बरंचसं आत येतं. बॅगेचा पट्टा, मैत्रिणीची ओढणी, आणि ऊन पाठीवर असेल तर तुझी स्वतःची सावली. आता तुझ्या दोनशेंतले पाच फोटो निवड आणि प्रत्येकाखाली लिही, "मी अजून किती जवळ जाऊ शकले असते?"

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. छोट्या हॉलमध्ये चाळीस-पंचेचाळीस जणांचा ग्रुप घ्यायचा तर मागे सरकायला जागा नसते. अल्ट्रावाइडनं सगळे बसतात, पण कडेची माणसं फुगतात. अर्धगोलात उभं केलं तर सुधारेल का? (मिरज)

उत्तर : अर्धगोलानं उलट बिघडेल. कडेची माणसं कॅमेऱ्याजवळ येतील आणि आणखी मोठी दिसतील.

वर ज्या चुकीबद्दल लिहिलं ती हीच. १९९८ साली आमच्या आळीतल्या एका वाड्यात आजींची पंचाहत्तरी होती. घरचे, सासरचे, माहेरचे मिळून चाळीसएक माणसं, आणि वाड्याचा चौक लहान. माझ्याकडे नवी २० मिमी लेन्स होती. मागे भिंतीला पाठ लावून मी सगळ्यांना दोन रांगांत बसवलं, आजींना मधोमध खुर्चीवर. चौकटीत सगळे बसलेत हे बघितलं आणि मला आनंद झाला. फोटो धुऊन आला तेव्हा आजी मधोमध लहानशा, आणि डाव्या कडेला त्यांच्या थोरल्या सूनबाईंचा चेहरा ओढल्यासारखा रुंद. त्या सडसडीत बांध्याच्या होत्या. आजी पुढच्याच वर्षी गेल्या. सगळे एकत्र असलेला तो एकच फोटो त्या घरात आहे. तो दिवाणखान्यात लागलेला आहे आणि सूनबाई आल्या-गेल्याला सांगतात, "ही मी नव्हे." मला कुणी बोललं नाही. पण दर वेळी त्या घरी गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

हे का होतं ते नीट समजून घ्या. लेन्स खराब नसते. भिंत, दार, खिडकी अशा सपाट गोष्टी ती कडेपर्यंत सरळ ठेवते, आणि त्यासाठी कडेची गोल वस्तू बाहेरच्या दिशेनं ताणते. डोकं गोल असतं. २० मिमीच्या फुल-फ्रेम चौकटीत कडेचा माणूस मध्यापासून सुमारे ४२ अंशांवर असतो. तिथे चेहऱ्याची उंची तीच राहते आणि रुंदी जवळपास ३५ टक्क्यांनी वाढते. मधल्या माणसाला काहीच होत नाही. म्हणून फोटो काढणाऱ्याच्या लक्षात येत नाही, त्याचं लक्ष मध्यावर असतं.

तेव्हा मी माडीवर जायला हवं होतं. वाड्याला माडी होती, जिना चार पावलांवर होता. वरून बघितलं असतं तर चार-पाच रांगा एकामागे एक मावल्या असत्या आणि रुंदी निम्मी झाली असती. तुम्ही हॉलमध्ये तेच करा. मजबूत स्टूल किंवा स्टेजच्या पायऱ्या वापरा, रांगा वाढवा, लांबी कमी करा. चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहावा-सहावा हिस्सा रिकामा सोडा, नंतर कापून टाका. क्रॉप (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर झूम १६-१८ वर आणा. आणि तरीही कडेला कुणीतरी राहणारच असेल तर तिथे तरुण मुलं उभी करा, अंग थोडं मध्याकडे वळवून. वयस्क माणूस, बाळ घेतलेली बाई, नवरी यांना कधीच कडेला ठेवू नका.

प्रश्न : जेजुरीच्या दीपमाळा माझ्या सगळ्या फोटोंत मागे पडल्यासारख्या येतात. सॉफ्टवेअरमध्ये सरळ केल्या की बाजू कापल्या जातात. (सासवड)

उत्तर : दीपमाळ वरपर्यंत यावी म्हणून तुम्ही कॅमेरा वर करता, तिथेच ती झुकते. कॅमेरा समोर सरळ ठेवला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. गवंडी भिंतीवर पाणसळ ठेवतो ना, तसा छोटा बुडबुडा फ्लॅश लावायच्या खाचेत बसणारा मिळतो. अगदी स्वस्त असतो. तो लावा.

मग प्रश्न येतो किती मागे जायचं. धरा, दीपमाळ तीस फुटांची आणि डोळा पाच फुटांवर. क्रॉप कॅमेऱ्यावर १० मिमी, कॅमेरा उभा धरलेला. बावीस-तेवीस फूट मागे गेलात की टोक चौकटीत येतं. १८ मिमीनं हेच करायला चाळीस फूट लागले असते, आणि जेजुरीला चाळीस फूट मोकळे मिळणं कठीण. या लेन्सचे पैसे अशा ठिकाणी वसूल होतात.

चौकटीचा खालचा अर्धा भाग मात्र जमिनीला जाईल. तो वाया गेला असं समजू नका. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या पायऱ्या त्या जागेत बसवा. त्या तिथेच असतात, तुम्ही फक्त खाली वाका.

प्रश्न : मी विक्रीच्या फ्लॅटचे फोटो काढतो. एजंटचा आग्रह असतो की १० मिमीनंच काढा, खोली मोठी दिसते. माझं मन खात नाही असं नाही. (पिंपरी)

उत्तर : तुमचं मन बरोबर खातंय. दारात उभं राहून १० मिमीनं काढलेली दहा बाय बाराची खोली हॉलएवढी दिसते, कारण पायाशी असलेला पलंग लांबच लांब होतो आणि समोरची भिंत दूर जाते. परगावात नोकरी करणारं जोडपं फोटो बघून सुट्टी टाकून येतं आणि दार उघडताच गप्प होतं. मी अशी कामं १५ ते १८ मिमीवर करते, छातीच्या उंचीवर, कॅमेरा सरळ. खिडकीच्या बाजूचे दोन फोटो आणि त्याच्या उलट बाजूचे दोन. बाथरूमसाठी १० चालेल, तिथे दुसरा इलाज नसतो. एजंटला सांगा, जो ग्राहक बघायला येईल तो खोली बघून नाराज होणार नाही. त्याचं कामही त्यानं सोपं होतं. तरीही ऐकत नसेल तर ते काम सोडायची हिंमत ठेवा.

प्रश्न : आषाढी वारीत चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं उभं रिंगण असतं. घोडा अल्ट्रावाइडनं घ्यावा का? (फलटण)

उत्तर : नको. घोडा दूर असेपर्यंत या लेन्समध्ये तो मांजराएवढा दिसतो. तो चौकटीत मोठा होईल तेव्हा तुमच्या अंगावर असेल, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये तो अजून लांबच वाटत असेल. माणसांच्या दोन रांगांमधून तो जिवाच्या आकांतानं धावतो. ७०-२०० सारखी लांब पल्ल्याची लेन्स लावा आणि रांगेच्या मागे राहा.

पण रिंगण सुटल्यावर फुगड्या सुरू होतात, तेव्हा ही लेन्स काढा. त्या वर्तुळात जाण्याआधी कॅमेरा खाली ठेवून "माउली" म्हणा, त्यांच्या डोळ्यांत बघा. होकार मिळाला की खाली बसा, हातभर अंतरावर. टाळ धरलेले हात पुढे, मागे पताका आणि आभाळ. चेहरा मध्याजवळ ठेवा, कडेला नको, कारण वर सांगितलं तेच. दुरून चोरून काढायचा फोटो या लेन्सनं निघत नाही, आणि मला तिची ही गोष्ट फार आवडते.

प्रश्न : पोलरायझर (चकाकी घालवणारा फिल्टर) लावला की निळ्या आभाळात मधोमध काळसर पट्टा येतो. फिल्टर खराब आहे का? आणि काही लेन्सची पुढची काच एवढी फुगलेली का असते की फिल्टरच बसत नाही? (डोंबिवली)

उत्तर : फिल्टर चांगला आहे. सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळ पोलरायझरनं सर्वांत जास्त गडद होतं, आणि दोन्ही बाजूंना तो परिणाम कमी होत जातो. तुमची लेन्स ९६ अंश बघते म्हणजे गडद आणि फिकं दोन्ही एकाच चौकटीत येतं. निळ्या आभाळाला तो लावूच नका. पावसाळ्यात ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी घालवायला लावा, तिथे तो सोन्यासारखा आहे. दोन फिल्टर एकावर एक चढवू नका, कोपरे काळे होतील.

फुगलेल्या काचेची गोष्ट आरशाशी निगडित आहे. कॅननच्या डीएसएलआरमध्ये माउंटपासून सेन्सर ४४ मिमी मागे असतो, कारण मध्ये आरसा वर-खाली होतो. साधी १० मिमीची लेन्स सेन्सरपासून साधारण १० मिमीवर असायला हवी, आणि तिथे तर आरसा आहे. म्हणून पुढे किरणं पसरवणारी मोठी काच आणि मागे ती गोळा करणारा संच अशी उलट्या दुर्बिणीसारखी रचना करावी लागते. फ्रान्समध्ये पिएर आंजेन्यू यांनी १९५० मध्ये ३५ मिमीची अशी लेन्स छायाचित्रकारांच्या हाती दिली, आणि पुढे सगळ्यांनी तीच वाट धरली. नजर जितकी रुंद, तितकी पुढची काच मोठी आणि फुगीर.

प्रश्न : खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात वरच्या गोल झरोक्याचा फोटो काढायचा आहे. खाली झोपून काढला तर वर्तुळ नेहमी एका बाजूला जातं, आणि झरोका पांढरा फट्ट. ट्रायपॉड लावू का? (इचलकरंजी)

उत्तर : ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. पण इथे ट्रायपॉडची गरजही नाही, उलट त्याचे पाय चौकटीत येतील.

झरोक्याच्या बरोबर खाली गोल शिळा आहे. आधी नुसते उभे राहून वर बघा आणि हळूहळू फिरत शिळेचा मध्य गाठा. आतले बारा खांब सगळ्या बाजूंनी सारखे दिसायला लागले की मध्य सापडला. तिथे कॅमेरा पाठीवर झोपवा. मागच्या बाजूला डोळ्याला लावायची रबरी कड एका टोकाला बाहेर आलेली असते, त्यामुळे तो तिरका बसतो. दुसऱ्या टोकाखाली रुमालाची घडी द्या आणि बुडबुडा बघत ती कमी-जास्त करा. स्क्रीन बाजूला उघडून वर वळवता येत असेल तर झोपायचीही गरज नाही.

दहा सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. चौकटीच्या लांबीच्या दिशेनं उभे राहिलात तर सहा-सात फूट तरी दूर जावं लागेल, रुंदीच्या दिशेनं साडेचार-पाच फूट पुरतील. किंवा सरळ खाली बसा.

पांढरा झरोका ही वेळेची चूक आहे. दुपारी ऊन थेट आत उतरतं आणि खांब काळे पडतात. सकाळी लवकर जा, ऊन झरोक्यातून थेट उतरायच्या आधी. तेव्हा आभाळ निळं असतं आणि खांबांवर खालच्या फरशीचा मऊ उजेड चढलेला असतो. तरीही तीन फोटो घ्या. एक उजेड बरोबर मोजलेला, दुसरा दोन पायऱ्या (स्टॉप) कमी उजेडाचा, तिसरा दोन पायऱ्या जास्त. कमी असलेल्यात आभाळ नीट येईल, जास्त असलेल्यात खांबांवरची नक्षी. ती दोन्ही घरी एकत्र जोडता येतात.

त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र झरोक्यात बघायला लोक येतात, तेव्हा शिळेवर कॅमेरा मांडून जागा अडवू नका. त्या रात्री हातात धरून काढा, किंवा पिशवीतच राहू द्या. आणि घरी आल्यावर लेन्स तशीच बॅगेत कोंबू नका. कृष्णाकाठचा दमटपणा काचेत राहतो. पुसून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्यांसोबत ठेवा, आणि आतल्या दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला.